सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी : लढाई, जमीन आणि त्रिरश्मीचा भिक्खूसंघ

पैठण आपल्या जिल्ह्यात येत नाही हे खरे. पण शेवगाव तालुक्याच्या शिवेवर उभे राहिले तर मध्ये फक्त गोदावरी आणि आता जायकवाडीचे पाणी. पलीकडे पैठण. दोन हजार वर्षांपूर्वी या पैठणला प्रतिष्ठान म्हणत आणि सातवाहन घराण्याची ती राजधानी होती. पाली वाङ्मयात सुत्तनिपातामध्ये गोदावरीकाठच्या बावरी नावाच्या ब्राह्मणाची हकिकत आहे. त्याचे सोळा शिष्य तथागतांना भेटायला उत्तरेकडे निघाले तेव्हा त्यांच्या वाटेतले पहिले गाव म्हणजे मूलक देशातले पतिट्ठान. म्हणजे हेच पैठण. या मूलक देशाच्या मातीवर आपला नेवासा, शेवगावचा भाग वसलेला आहे. तेव्हा सातवाहनांचा इतिहास आपल्याला परका नाही. तो आपल्या घरचा आहे.

आपल्या वस्तीत गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव अभिमानाने घेतात. व्याख्यानात घेतात, लेण्या बघायला गेलो की घेतात. पण त्याने नेमके काय केले असे विचारले तर शकांना हरवले एवढेच उत्तर मिळते. शाळेच्या पुस्तकातही त्याला पान-दीड पानापेक्षा जास्त जागा नसते. आम्ही गेली काही वर्षे रात्रपाळी-दिवसपाळी सांभाळून या राजाविषयी जे मिळेल ते वाचत आलो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि क्षत्रप यांचे कोरीव लेख १९७९ साली मराठीत ग्रंथरूपाने आणले, त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्यालाही हा इतिहास खुला झाला. आम्हाला त्यात सर्वांत महत्त्वाची वाटली ती जमिनीची गोष्ट. दोन राजे लढले, तेव्हा खालची जमीन कुणाची झाली, ती कुणी कसली, आणि ज्या विहारांना ती दिलेली होती त्या विहारांचे काय झाले? त्याच अंगाने हे चरित्र येथे मांडत आहोत.

सातवाहनांचा जम आधी चांगला बसला होता. जुन्नरजवळच्या नाणेघाटात राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर कान्ह म्हणजे कृष्ण राजाच्या काळात त्याच्या महामात्राने भिक्खूंसाठी लेणे कोरले, ते तिथले फार जुने लेणे. पैठणहून माल निघायचा तो बैलांच्या तांड्यावरून पश्चिमेला जुन्नरला, तिथून नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदराला. पैठणहून जुन्नरला जायचे तर आपला जिल्हा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रवरेच्या काठी नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. त्यात सातवाहनांची नाणी सापडली आणि रोमन देशाकडून आलेल्या मद्याच्या उंच रांजणांचे तुकडेही सापडले. नेवाशाला रोमचा रांजण! म्हणजे समुद्रावरचा माल आपल्या प्रवरेपर्यंत येत होता. हा रस्ता म्हणजे पैसा होता, आणि जिथे पैसा तिथे लढाई आलीच.

ही लढाई घेऊन आले ते शक. वायव्येकडून आलेले हे लोक गुजरात-काठियावाडात स्थिरावले. त्यांच्या अधिकाऱ्याला क्षत्रप म्हणत. त्यातले क्षहरात घराणे भूमक आणि नहपान या दोघांमुळे प्रसिद्ध आहे. नहपानाने सातवाहनांच्या हातातून नाशिक घेतले, जुन्नर घेतले, मावळातले कार्ले घेतले, उत्तर कोकण घेतले. म्हणजे घाटाची सगळी तोंडे त्याच्या हातात गेली. जुन्नरच्या मानमोडी डोंगरावर त्याचा अमात्य अयम याचा लेख आहे, त्यावर ४६ हे वर्ष आहे. त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका लिहून ठेवली, तिला पेरिप्लस म्हणतात. तीत असे नोंदले आहे की कल्याण हे पूर्वी मोकळे बंदर होते, पण पुढे तिथे अडवणूक सुरू झाली आणि चुकून तिकडे गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. भडोच नहपानाचे. कल्याणचा धंदा बंद पाडून भडोचचा वाढवायचा, असा तो सरळ हिशेब होता. आजच्या भाषेत नाकेबंदी. पैठणच्या राजाचा श्वास कोंडला तो इथे.

आता इथे एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे, कारण आपल्याकडे भाषणात नहपानाला नुसता राक्षस करून टाकतात. त्याचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, आणि त्याची पत्नी दक्षमित्रा यांनी त्रिरश्मीवर भिक्खूसंघाला लेणी दिली. त्रिरश्मीचे दहा नंबरचे लेणे उषवदाताचे. भिक्खूंच्या अन्नासाठी त्याने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना शेत विकत घेतले आणि दान दिले. लक्षात घ्या, तो राज्यकर्ता होता, हिसकावून घेऊ शकत होता. त्याने रोख मोजून घेतले. ब्राह्मणांनाही त्याने गायी आणि गावे दिली. नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे धर्मशाळा बांधल्या.

आणि त्याचे ते विणकरांकडे ठेवलेले पैसे! आमच्यासारख्या गिरणीत जन्म घालवलेल्या माणसाला ही नोंद वाचताना फार आपुलकी वाटते. नाशिकजवळच्या गोवर्धन या शहरात विणकरांच्या श्रेणी होत्या. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना, एका अर्थी सोसायटी. उषवदाताने एका विणकर श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक दराने ठेवले आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम काढायची नाही, नुसते व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे व्याज वर्षाला २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे असे ठरवले. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब पैशाचाही चुकत नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० होतात, ते किरकोळ खर्चाला. एवढे सगळे गावसभेत वाचून नोंदवले गेले. विणकराच्या हातावर राजाच्या जावयाचा इतका भरवसा होता. आज गिरणी कामगाराच्या शब्दावर कोण तीन हजार ठेवील?

असे सगळे परक्याच्या हातात गेलेले असताना गौतमीपुत्र गादीवर आला. बहुतेक पुस्तकांत त्याचा काळ इ. स. १०६ ते १३० असा दिलेला असतो, काही नाणे-अभ्यासक तो चाळीस-पन्नास वर्षे आधी नेतात. त्याच्या आईचे नाव गौतमी बलश्री. राजाच्या नावाआधी आईचे नाव लावायची या घराण्याची रीत होती. गौतमीपुत्र म्हणजे गौतमीचा मुलगा, त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र म्हणजे वासिष्ठीचा. बलश्रीने पुढे जो मोठा लेख कोरवला, त्यात मुलाची आणि नातवाची नावे आहेत, नवऱ्याचे नाव नाही. आपल्या आया-बहिणींनी हे ध्यानात ठेवावे. दोन हजार वर्षांपूर्वी याच मुलखात राजा आईच्या नावाने ओळखला जात होता.

गादीवर आल्यानंतर पहिली काही वर्षे त्याची तयारीत गेली असावीत, कारण त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षाआधीचा त्याचा कुठलाही लेख नाशिकला किंवा कार्ल्याला नाही. १८ व्या वर्षी मात्र एकदम सगळे दिसू लागते. नहपानाचा पाडाव झालेला आहे, क्षहरात घराणे संपलेले आहे, आणि विजयी सैन्याच्या छावणीतून राजाचे हुकूम सुटत आहेत.

या विजयाचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या शेजारीच सापडला. सिन्नर तालुक्यात, जिथे दारणा गोदावरीला मिळते, तिथे जोगलटेंभी हे गाव आहे. संगमनेर-कोपरगावला लागलेला हा तालुका. तिथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. तेरा हजारांच्या वर नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. एका बाजूला तीन कमानींचा चैत्य, दुसऱ्या बाजूला ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात ते. पुष्कळ नाण्यांवर नव्या ठशाच्या खालून नहपानाचा चेहरा डोकावतो. म्हणजे राजाने चांदी वितळवली नाही. नाणे लोकांच्या हातात तेच ठेवले, वर शिक्का आपला मारला. बाजार एक दिवसही बंद राहू नये, हा त्यातला शहाणपणा. बाजारातल्या माणसाला वजन महत्त्वाचे, चेहरा कुणाचा का असेना. पण राजाला चेहऱ्याचेच पडलेले असते.

नाण्यासारखेच जमिनीचे झाले. १८ व्या वर्षी गौतमीपुत्राने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा पाठवली. अपर-कखडी गावातले जे शेत आजवर उषवदाताच्या भोगवट्यात होते, ते दोनशे निवर्तनांचे शेत त्रिरश्मीच्या भिक्खूंना दिले आहे, असे त्यात कळवले. निवर्तन हे त्या वेळचे जमीन मोजायचे माप. आणि नुसते शेत दिले असे नाही, त्याच्याबरोबर सवलतीही दिल्या. त्या शेतात राजाचे शिपाई-नोकर शिरायचे नाहीत. त्याला कुणी हात लावायचा नाही. तिथे मिठासाठी खणायचे नाही. मुलखाच्या अधिकाऱ्यांचा त्याला उपद्रव होता कामा नये. आज्ञा तोंडी दिली, अमात्य शिवगुप्ताने लिहून घेतली, आणि पुढे ती दगडावर कोरली. आपल्याकडे सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद होते ना, तशीच ही नोंद. कब्जेदार सदरी नाव उषवदाताचे होते, ते कमी करून भिक्खूसंघाचे नाव लावले. फरक एवढाच की तलाठ्याच्या दप्तरातले कागद वाळवी खाते, हा फेरफार अजून वाचता येतो.

त्याच १८ व्या वर्षाचा असाच एक हुकूम कार्ल्याच्या चैत्यगृहात आहे. त्यातले राजाचे नाव झिजले आहे, पण अभ्यासक तो गौतमीपुत्राचाच मानतात. करजिक नावाचे गाव उषवदाताने कार्ल्याच्या भिक्खूंना दिले होते. आता तेच गाव नव्या राजाने तिथल्या महासांघिक भिक्खूंना पुन्हा दिले. गाव तेच, दान घेणारा संघ तिथलाच, देणारा बदलला. याचा अर्थ आम्ही असा लावतो. मुलूख जिंकला की जुन्या सत्तेने दिलेली दाने आपोआप चालू राहत नसत. नव्या राजाने आपल्या नावाने ती मंजूर करावी लागत. भिक्खूसंघाच्या दृष्टीने ती वेळ नाजूक असणार. एक हुकूम सुटला नसता तर शेत गेले असते, आणि शेत गेले म्हणजे पावसाळ्याचे चार महिने भिक्खूंच्या पात्रात काय पडले असते? गौतमीपुत्राने शत्रूचे दान म्हणून ते मोडून टाकले नाही. सुडाच्या भरात असलेल्या विजेत्याकडून एवढी अपेक्षा सहसा कुणी करीत नाही. त्याचे मोठेपण आम्हाला तलवारीपेक्षा इथे जास्त दिसते.

पण गोष्ट इथे संपत नाही. सहा वर्षांनी, म्हणजे राज्याच्या २४ व्या वर्षी, त्याच भिंतीवर दुसरा हुकूम कोरला गेला. हा हुकूम राजाचा आणि राजमातेचा मिळून आहे, आणि गोवर्धनचा अमात्य शामक याला उद्देशून आहे. त्यात जे आहे ते वाचून आम्ही पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ तसेच बसलो. पूर्वी भिक्खूंना दिलेले कखडीचे शेत कुणी कसत नाही आणि ते गाव वस्तीला राहिलेले नाही. म्हणून त्याच्या बदल्यात शहराच्या हद्दीवरच्या राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तने शेत द्यावे. सवलती सगळ्या आधीच्याच.

शेत पडीक, गाव ओसाड. एवढेच. का ओसाड झाले, माणसे कुठे गेली, हे हुकूम सांगत नाही. पण सहा वर्षांपूर्वी याच भागात सैन्याची छावणी पडलेली होती. हजारो माणसे, घोडे, बैल. ज्या मुलखातून फौज जाते तिथली कणगी भरलेली राहत नाही हे सांगायला इतिहासाचे प्राध्यापक लागत नाहीत. आम्ही तरी युद्धाचा आणि ओसाडीचा संबंध तोडू शकत नाही. बलश्रीच्या लेखात मोठमोठ्या देशांची नावे आली, पण लढाईचा खरा हिशेब या दोन ओळींत आहे असे आमचे मत आहे. राजाने शंभर निवर्तने बदलून दिली, भिक्खूंचे भागले. कखडीच्या कुणब्यांना बदली शेत कुणी दिले?

आमच्या लोकांना ही ओसाडी ठाऊक आहे म्हणून आम्ही त्यावर थांबलो. गावची चाकरी करायची आणि बदल्यात वतनाचा तुकडा, तोही भाऊबंदकीत इतका वाटला गेलेला की बैल वळवायला जागा नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी महार वतन जावे म्हणून किती वर्षे झगडा केला ते आपण जाणतोच. कायदा झाला १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, एवढीच मागणी. दादासाहेब नाशिकचेच. कखडीचे पडीक शेत त्रिरश्मीच्या भिंतीवर नोंदलेले आहे आणि पडीक जमिनीसाठी सत्याग्रह करणारा पुढारी त्याच नाशिकचा, हा योगायोग आम्हाला विसरता येत नाही.

२४ व्या वर्षानंतर गौतमीपुत्राचा स्वतःचा लेख मिळत नाही. पुढची हकिकत आईच्या तोंडून कळते. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी बलश्रीने त्रिरश्मीवर तीन नंबरचे भव्य लेणे पूर्ण करून भद्रायणीय भिक्खूंना दान केले आणि तिथे आपल्या मुलाची प्रशस्ती कोरवली. मुलगा गेलेला, म्हातारी आई मागे राहिलेली, आणि ती त्याच्याबद्दल लिहून ठेवते आहे. त्याचे रूप, चाल, बाहू, सगळ्याचे वर्णन आहे. अपराधी शत्रूचाही जीव घेणे त्याला आवडत नसे, कर तो धर्माप्रमाणे घेई, आईची सेवा करी. शक, यवन आणि पल्हव यांचा त्याने नाश केला, क्षहरात वंश निर्मूल केला, सातवाहन कुळाची प्रतिष्ठा परत मिळवली. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले.

त्याच लेखात मुलखाची यादी आहे. ऋषिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ आणि आकर-अवंती. आजच्या हिशेबाने पैठणपासून वऱ्हाडापर्यंत, कोकणपट्टीपासून काठियावाडापर्यंत आणि नर्मदेचा काठ धरून उज्जैन-विदिशेच्या माळव्यापर्यंत. घाट, बंदरे आणि पठार एका हाताखाली. पैठणहून निघालेला तांडा आता आपल्या जिल्ह्यातून जुन्नर, नाणेघाट, कल्याण असा एकाच राजाच्या हद्दीतून जाऊ शकत होता.

या लेखातली आणखी एक गोष्ट आपल्याकडचे वक्ते गाळतात. आम्ही गाळणार नाही. बलश्री म्हणते की तिच्या मुलाने चातुर्वर्ण्याची सरमिसळ थांबवली आणि क्षत्रियांचा गर्व मोडला. त्याला ती अद्वितीय ब्राह्मणही म्हणते. त्या शब्दाचा काही विद्वान वेगळा अर्थ लावतात, पण वर्णसंकर थांबवल्याचा उल्लेख कुणाला पुसता येत नाही. भिक्खूसंघाला लेणे देणाऱ्या राणीच्या लेखात वर्णव्यवस्था राखल्याचे कौतुक! बाबासाहेबांनी ज्या व्यवस्थेला सुरुंग लावला तीच ही. तेव्हा गौतमीपुत्र बौद्ध सम्राट होता असे जे कुणी बॅनरवर लिहितात त्यांनी आधी हा लेख वाचावा. तो दाता होता, भिक्खूसंघाचा रक्षक होता, बौद्ध नव्हता. दात्याचा मान त्याला जरूर द्यावा. त्याहून जास्त काही त्याच्या माथी मारू नये.

आणि ती वर्णशुद्धी तरी किती टिकली? पुढची पिढी बघा. क्षहरात संपले तरी शक संपले नव्हते. चष्टन नावाच्या दुसऱ्या क्षत्रपाने कार्दमक घराणे उभे केले आणि त्याचा नातू रुद्रदामन याने गेलेला मुलूख परत घ्यायला सुरुवात केली. इ. स. १५० च्या सुमाराचा त्याचा लेख जुनागडला गिरनारच्या पायथ्याशी आहे. त्यात तो सांगतो की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा उघड लढाईत हरवले, पण जवळचे नाते असल्यामुळे त्याचा समूळ नाश केला नाही. हे नाते कोणते? मुंबईजवळ कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याच्या टाक्याचा एक दानलेख आहे. त्यावरून कळते की वासिष्ठीपुत्र सातकर्णी या राजाची राणी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी होती. हा राजा पुळुमावीचा भाऊ मानला जातो. म्हणजे ज्या आजीने शकांचा नाश आणि वर्णसंकराची बंदी दगडावर कोरवली, तिच्याच घरात शकाची लेक सून म्हणून आली! आम्हाला यात वाईट काही वाटत नाही. उलट बरे वाटते. माणसे एकमेकांत मिसळतातच, राजाने कितीही हुकूम काढले तरी.

आता बलश्रीची यादी आणि रुद्रदामनाची यादी शेजारी शेजारी ठेवून बघावी. आमच्या तरुण मित्रांनी हा उद्योग अवश्य करावा, नकाशा घेऊन बसावे. सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, आकर-अवंती ही पाच नावे दोन्हीकडे आहेत. म्हणजे गौतमीपुत्राने जिंकलेला नर्मदेपलीकडचा आणि काठियावाडचा मुलूख वीस-पंचवीस किंवा फार तर काही दशकांत परत गेला. मूलक, अश्मक, ऋषिक आणि विदर्भ ही नावे मात्र रुद्रदामनाच्या यादीत नाहीत. पैठण गेले नाही, नाशिक गेले नाही. आपला जिल्हाही सातवाहनांकडेच राहिला. उत्तर कोकणाची ओढाताण मात्र चालूच राहिली. पुढे यज्ञश्री सातकर्णीचा १६ व्या वर्षाचा लेख कान्हेरीला मिळतो आणि सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उघडला तेव्हा त्याचे चांदीचे नाणे तिथे सापडले. म्हणजे बंदर पुन्हा पैठणकरांकडे आले होते.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. गुढीपाडव्याला पंचांगात शालिवाहन शक म्हणून जे वर्ष लिहितात ते इ. स. ७८ पासून मोजतात. पैठणच्या शालिवाहनाने शकांना जिंकून ते सुरू केले अशी लोकांची समजूत. प्रत्यक्षात गौतमीपुत्राने आपल्या लेखांत हे वर्ष कधी वापरले नाही, तो स्वतःच्या राज्याची वर्षे मोजत असे. हे वर्ष वापरले ते चष्टन-रुद्रदामनाच्या शक घराण्याने, आणि शालिवाहनाचे नाव त्याला कित्येक शतकांनी चिकटले. मुलूख कुणी जिंकला, कॅलेंडर कुणाचे चालले!

आजोळ, सासर, लढाया, तह हे सगळे चालू असताना त्रिरश्मीच्या जमिनीचे फेरफारही थांबले नाहीत. पुळुमावीच्या २२ व्या वर्षी पुन्हा एक हुकूम आहे. लेण्याच्या खर्चासाठी आधी सुदर्शन नावाचे गाव दिलेले होते, ते बदलून सामलिपद हे गाव दिले. यज्ञश्रीच्या ७ व्या वर्षीचाही लेख तिथे आहे. पुढे तिसऱ्या शतकात सातवाहन संपले आणि नाशिकला आभीर राजे आले. कान्ह राजापासून आभीरांपर्यंत सत्ता तीन वेळा बदलली, तरी भिक्खू डोंगरावर वर्षावास करीतच राहिले.

यंदा विहारातर्फे त्रिरश्मीला जाणाऱ्यांनी आधी दहा नंबरचे उषवदाताचे लेणे बघावे, मग तीन नंबरचे बलश्रीचे. दारासमोर तुळई खांद्यावर पेलणारे सहा यक्ष आहेत, ते ओलांडून ओवरीत गेले की भिंतीवर कखडीचे दोन्ही हुकूम आणि आईची प्रशस्ती दिसेल. मग परत दहा नंबरला येऊन अंगणाच्या डाव्या भिंतीवरचा एक लेख शोधावा. तो आभीर राजा ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षाचा आहे. त्यात एका उपासिकेने गोवर्धनच्या कारागिरांच्या श्रेणींकडे, त्यात तेल गाळणारेही होते, पैसे कायम ठेवीला ठेवले. त्याच्या व्याजातून त्रिरश्मीवर राहणाऱ्या, कुठूनही आलेल्या आजारी भिक्खूंना औषध मिळावे अशी तिची इच्छा. उपासिकेचे नाव विष्णुदत्ता. बाप अग्निवर्मा. आणि तिने स्वतःची ओळख लेखात शकनिका, म्हणजे शकांची बाई, अशी लिहिली आहे.